एका इटालियन मोटारीचा संसार

जुनी मोटार घरांत बाळगणें म्हणजे पांढरा हत्ती पोसणें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. आणि ज्यांनीं असा हत्ती पोसला आहे त्यांस हें म्हणणें अगदींच खोटें वाटणार नाहीं. तथापि हत्ती आणि मोटार यांत एक मोठा भेद आहे. हत्ती नुसता उभा राहिला तर धन्याचें धान्य खातो. मोटार नुसती उभी राहिली तर स्वतःलाच खाऊं लागते. हा भेद दोन वर्षांपूर्वीं एका प्रसंगानें आम्हांस नीट कळला. त्या निमित्तानें आमच्या दारच्या फियाट मोटारीचा पूर्वेतिहास आणि तिची निगा यांविषयीं जें कांहीं हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचें घर शिरूरचें. जुन्या लोकांच्या तोंडीं घोडनदीचें. शिरुरास आगगाडी नाहीं. मुंबईकडून किंवा सोलापुराकडून येणारा पाहुणा दौंड जंक्शनवर उतरावयाचा आणि चौफुला, पारगांव, न्हावरें अशा वाटेनें भीमा ओलांडून घरीं यावयाचा. आमच्या आजोबांनीं १९५७ सालीं वकिलीच्या मिळकतींतून जी फियाट अकराशें घेतली, ती मुख्यत्वेंकरून या दौंडच्या खेपांसाठीं. घरांत आलेली पहिली सून, परदेशीं निघालेला पहिला मुलगा, मुंबईच्या इस्पितळांतून बरे होऊन परतलेले आजोबा स्वतः, हीं सारीं माणसें दौंडच्या फलाटापासून घराच्या ओट्यापर्यंत त्याच गाडीनें आलीं-गेलीं.

दोन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत आमच्या थोरल्या काकूंना घेऊन आम्ही रांजणगांवच्या महागणपतीच्या दर्शनास निघालों. कारेगांव मागें पडतें न पडतें तोंच गाडींत पेट्रोलचा उग्र वास येऊं लागला. गाडी बाजूस घेऊन बॉनेट उघडलें, तों पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी रबराची नळी मऊ पडून तिला चीर गेलेली, आणि तींतून पेट्रोल थेंबथेंब तापलेल्या इंजिनावर ठिबकत असलेलें दिसलें. आणखी कांहीं मिनिटें तशींच गेलीं असतीं तर काय झालें असतें, हें लिहवत नाहीं.

त्या रात्रीं घरांत बैठक झाली. पुण्यास असणारे आमचे धाकटे बंधु म्हणाले, "दादा, झाली तेवढी हौस पुरे. ही आतां मोडींत द्यावी, नाहीं तर एखाद्या षोकीनाला विकावी." पुतण्याचें म्हणणें निराळें पडलें : "काका, वरचें रूप तेंच ठेवूं आणि आंत नवें डीझेल इंजिन बसवूं." काकू बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "हिला झालें तरी काय, तें आधीं बघा. घरचें माणूस आजारी पडलें, तर आपण वैद्याला बोलावण्याआधींच वांटणीचें बोलतों कां?" यावर कोणास उत्तर सुचलें नाहीं, आणि गाडीस काय झालें आहे व मुळांत ती आहे तरी कोण, याचा शोध आमच्याकडे आला.

आधीं कुळकथा

फियाट कंपनी १८९९ सालीं उत्तर इटलींतील तुरिन शहरीं स्थापन झाली. इटलीचे रस्ते डोंगरी, पेट्रोल महाग, आणि सामान्य गृहस्थाची थैली हलकी. अशा देशांत मोठ्या इंजिनाच्या अवजड मोटारी फारशा चालण्यासारख्या नव्हत्या. म्हणून तेथील कारागिरांनीं निराळा मार्ग धरला : इंजिन लहान पण चपळ, अंग हलकें, आणि चाकांची ठेवण अशी कीं वळणावर गाडीनें रस्ता सोडूं नये. चार दारें, चार-पांच माणसांची बैठक, वर पक्कें छप्पर. म्हणजे सर्व प्रकारें कुटुंबाची गाडी, पण स्वभाव शर्यतीच्या घोड्याचा. 'स्पोर्ट्स सलून' या नांवानें जो प्रकार जगांत प्रसिद्ध आहे तो हाच, आणि त्यांत इटालियनांचा हात धरणारे थोडे. १९५० सालीं निघालेल्या आल्फा रोमिओ १९०० या मोटारीची तर शर्यती जिंकणारी कुटुंबाची गाडी म्हणूनच जाहिरात होत असे.

फियाटच्या घराण्यांत हें बीज रोवण्याचें श्रेय मुख्यतः दांते जाकोझा या इंजिनियराकडे जातें. १९३६ सालीं त्यांनीं 'तोपोलिनो', म्हणजे उंदराचें पिलूं, या लाडक्या नांवाची इवलीशी मोटार जगास दिली. आणि पुढच्याच वर्षीं '५०८ सी' ही जरा मोठी मोटार त्यांच्या हातून तयार झाली. तिच्या इंजिनास चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर, आणि चारी मिळून १०८९ घनसेंटिमीटर. वाचकांनीं हे आंकडे लक्षांत ठेवावे. कारण पुढें साठ वर्षें ते आपला पिच्छा सोडणार नाहींत.

१९२७ सालीं इटलींत 'मिल्ले मिल्या' म्हणजे हजार मैलांची शर्यत सुरू झाली. ब्रेशिया शहराहून रोमपर्यंत जावयाचें आणि परत यावयाचें, तेंही साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून. १९३८ सालीं फियाटनें याच शर्यतीच्या नांवानें ५०८ सी मोटारीचा एक नवा अवतार काढला. इंजिन तेंच, १०८९ घनसेंटिमीटरांचें. पण शक्ति सुमारें ४२ अश्वांपर्यंत वाढविलेली, आणि वारा कापणारें निमुळतें अंग चढविलेलें. तेवढ्याशा इंजिनानें ही गाडी ताशीं १४० किलोमीटरांच्या घरांत पळे. १९५३ सालीं त्याच इंजिनावर फियाटनें अगदीं नवी अकराशें रचली. त्याच वर्षीं तिची 'तुरिस्मो वेलोचे' म्हणजे वेगवान प्रवासाची बहीणही निघाली. हिची शक्ति सुमारें ५० अश्वांची, आणि समोरच्या जाळीच्या मध्यभागीं एक जादा दिवा. कपाळावर टिळा लावावा तसा. ही खरी स्पोर्ट्स सलून. आमच्या दारीं आहे ती तिची साधी, घरगुती बहीण. पण रक्त एकच.

कुर्ल्याहून रांजणगांवापर्यंत

ही इटालियन कन्या महाराष्ट्रांत कशी आली? तिचे मामा म्हणावयाचे तर शेठ वालचंद हिराचंद. १८८२ सालीं सोलापुरास जन्मलेल्या या उद्योगपतीचें नांव आमच्या भागास नवें नाहीं. दौंडाच्या शेजारीं इंदापूर तालुक्यांत त्यांच्याच नांवाचें वालचंदनगर आहे. मोटारी हिंदुस्थानांत तयार व्हाव्या हा ध्यास घेऊन त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रथम अमेरिकन क्रायस्लर घराण्याच्या गाड्या निघूं लागल्या. १९५१ च्या सुमारास फियाटशीं संबंध जडला, आणि १९५४ पासून अकराशें येथें जुळवूं लागले. वालचंद शेठ १९५३ सालींच वारले. ज्या गाडीनें त्यांच्या कारखान्याचें नांव घरोघर केलें ती गाडी त्यांनीं येथील रस्त्यावर धांवतांना पाहिली नाहीं.

पुढें आलेल्या, गोल, बाकदार नाकामुळें मुंबईकरांनीं या गाडीचें बारसें केलें तें 'डुक्कर फियाट' असें. नांव ऐकून आमच्या आजीनें म्हणे दोन दिवस तिच्यांत पाय ठेवला नव्हता! हिचीं पुढचीं दारें मधल्या खांबाला बिजागरीनें अडकविलेलीं असून मागच्या बाजूस उघडतात. नऊवारी नेसलेल्या बायकांस चढण्या-उतरण्यास हें फार सोयीचें, असें काकूंचें मत आहे. मात्र धांवत्या गाडींत असें दार चुकून उघडलें तर वारा तें उलटें ओढतो, म्हणून निघण्यापूर्वीं प्रत्येक दाराची कडी हातानें तपासण्याचा आजोबांचा दंडक होता, आणि तो आम्हीं मोडलेला नाहीं.

पुढें १९६४ सालीं चौकोनी वळणाची नवी अकराशें आली. १९७४ सालीं तिचें 'प्रीमियर पद्मिनी' असें नांव झालें, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती कुर्ल्यास तयार होत राहिली. रूपें पालटलीं, इंजिन मात्र तेंच, ६८ बाय ७५, १०८९ घनसेंटिमीटर. म्हणजे १९३८ सालीं इटलीच्या घाटांत जें शर्यतीस धांवलें, त्याच मापाच्या इंजिनानें मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत लाखों प्रवाशांची ने-आण केली. त्या टॅक्सींनीं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्याचा निरोप घेतला.

आणि योगायोग असा कीं, फियाट पुढें खुद्द आमच्या तालुक्यांतच येऊन राहिली. रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत तिचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि टाटांच्या भागीदारींत २००९ सालीं तेथून लिनिया ही चार दारांची सलून निघाली. तिच्या २०१० च्या 'टी-जेट' अवतारास १.४ लिटरांचें टर्बो पेट्रोल इंजिन होतें. शक्ति सुमारें ११४ अश्वांची. इटालियन घराण्याची स्पोर्ट्स सलून शिरूर तालुक्यांत तयार झाली, हें पुढच्या पिढीस कदाचित् खरें वाटणार नाहीं. पुढें फियाट नांवाच्या गाड्या हिंदुस्थानांत निघणें बंद झालें. कारखाना मात्र दुसऱ्या नांवांच्या गाड्यांनीं गजबजलेला राहिला. महागणपतीच्या दर्शनास जातांना त्या फाटकावरून आमची डुक्कर फियाट जाते, तेव्हां पणजी नातवंडाच्या घरावरून जात आहे असें आम्हांस वाटतें.

दुखण्याचें निदान

आतां मूळ दुखण्याकडे वळूं. दौंडास रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले एक वृद्ध मिस्त्री आहेत. लेथवर त्यांचा हात बसलेला; आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या किंगपिनांचे बुश पूर्वीं त्यांनींच करून दिले होते. त्यांनीं येऊन नळी पाहिली, टांकीचें झांकण काढून वास घेतला, आणि विचारलें, "वकीलसाहेबांची गाडी याआधीं केव्हां बाहेर काढली होती?" आम्हीं खाजत-खाजत सांगितलें कीं, पांच महिने झाले. ते म्हणाले, "मग अर्धें दुखणें पेट्रोलचें, आणि अर्धें तुमचें."

पेट्रोलचें दुखणें असें. आपल्याकडील पेट्रोलांत एथेनॉल मिसळण्यास २००३ च्या सुमारास आरंभ झाला. २०२५ पर्यंत त्याचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. हें एथेनॉल बव्हंशीं उंसापासून व धान्यापासून होतें. शिरूर-दौंडचा मुलूख उंसाचा. तेव्हां एथेनॉलास नांवें ठेवणें म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या जिवावर आमची बाजारपेठ चालते त्यासच नांवें ठेवणें होईल, आणि तसा आमचा हेतु नाहीं. परंतु १९५७ सालच्या रबरास तें मानवत नाहीं, ही गोष्ट खरी. जुनी नळी त्यानें मऊ पडते, पंपाचा पडदा फुगतो. शिवाय एथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. गाडी महिनोन् महिने उभी राहिली कीं तें पाणी टांकीच्या तळाशीं बसून आंतून पत्रा गंजवितें, आणि तो गंज कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन अडकतो. उपाय महाग नाहीं : एथेनॉलास टिकणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदा बसवावा, पंपापूर्वीं गाळणी लावावी, टांकी एकदां उतरवून धुवावी, आणि मिश्रण फार पातळ होत असल्यास कार्बोरेटर जाणत्याकडून लावून घ्यावा.

आमचें दुखणें म्हणजे गाडी उभी ठेवण्याचें. मिस्त्रींनीं एकेक करून दाखविलें. ब्रेकचें तेल हवेंतील ओल ओढतें. चाकाजवळचे लहान सिलिंडर त्यानें आंतून गंजून अडकतात. म्हणून दोन वर्षांनीं तरी तें पालटावें. इंजिनाचें डोकें ॲल्युमिनियमचें आहे. रेडिएटरमध्यें वर्षानुवर्षें साधें विहिरीचें पाणी घातलें तर तें झिजतें, आणि एकदां फार तापलें कीं वांकतें. म्हणून गंजरोधक कूलंटच घालावें. किंगपिनांस वेळच्या वेळीं ग्रीस न मिळाल्यास ते झिजतात आणि स्टिअरिंग ढिलें होतें. उंदीर वायरी कुरतडतात. तेव्हां गाडीजवळ धान्याचें पोतें किंवा कडबा कदापि ठेवूं नये.

सर्वांत मोठा शत्रु गंज. १९५३ पासूनच्या अकराशेंस निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याचें अंग हाच तिचा कणा. तळ आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी गाडी मोडक्या पाठीची. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें रंगावर भाळूं नये. तळाची चटई उचलावी आणि चुंबक फिरवून पाहावा. जेथें चुंबक धरत नाहीं तेथें पत्रा नसून पुट्टी आहे असें समजावें. शिरुराची हवा कोरडी, म्हणून आमची गाडी या बाबतींत भाग्यवान् ठरली. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यांत तिची गत निराळी झाली असती.

मग करावयाचें काय? मिस्त्रींचें उत्तर एका वाक्याचें : "पंधरा दिवसांनीं एकदां तिला दहा कोस फिरवून आणा." नुसतें इंजिन जागच्या जागीं सुरू करून पांच मिनिटांनीं बंद करणें हें न चालविण्यापेक्षां वाईट, कारण तेवढ्यानें आंतील ओल सुकत नाहीं, उलट वाढते. गाडी पुरती तापावी, ब्रेक लागावे, चारी गियर पडावे, तेल सर्वत्र फिरावें. शर्यतीच्या रक्ताची गाडी आहे. तिला चालणें हेंच औषध.

कायदा आणि घरचा निर्णय

यावरून पुतण्याच्या डीझेल इंजिनाचा बेत आपोआप बारगळला. आणि कायदा पाहतां तो तसाही गैरसोयीचाच होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार नियमांत २०२१ च्या जुलैमध्यें जी भर पडली तींत पन्नास वर्षांवरील, मूळ रूपांत राहिलेल्या आणि सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खासगी गाडीस 'व्हिंटेज' असा दर्जा देण्याची सोय झाली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, तिची मुदत दहा वर्षें, फेरनोंदणीस ५,००० रुपये, आणि क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें. मात्र त्याबरोबर एक बंधनही आलें : अशी गाडी प्रदर्शन, संचलन, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणें एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणावी, नित्याच्या वापरास ती आणूं नये.

धाकटे बंधु म्हणाले, "हें ठीक आहे. मानही राहील आणि गाडीही." आम्हांस तें पटलें नाहीं. ज्या गाडीचें औषधच चालणें आहे, तिला काकूंस देवदर्शनास नेण्याची मनाई करून कपाळावर मानाचीं अक्षरें लावणें, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यांत हार घालून त्याचें जेवण तोडणें होय. म्हणून साध्या नोंदणीवरच, योग्यतेची तपासणी दर खेपेस करून घेऊन, ती चालती ठेवावी असें ठरलें. यांत खर्च अधिक आणि तपासणींत नापास होण्याची भीति कायमची, हें आम्ही जाणतों. ज्यांची गाडी खरोखरच दुर्मिळ आहे आणि क्वचित् बाहेर निघते त्यांनीं व्हिंटेजची वाट धरणें शहाणपणाचें, हेंही कबूल केलें पाहिजे.

घरानें कांहीं नियम मात्र घालून घेतले. गाडीस चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत, आणि आसनांस पट्टे नव्हते. पट्टे बसवून घेतले. अंधार पडल्यावर नगर रस्त्यावर ती न्यावयाची नाहीं. लहान मुलांस पुढें बसवावयाचें नाहीं. गाडींत अग्निशामक नळकांडें कायम असावें. हौस ती हौस. पण माणसांच्या जिवावर बेतणारी हौस घरांत नको.

सर्वांत कठीण प्रश्न शेवटीं उरला, आणि तो सुट्या भागांचा नव्हे. भाग लेथवर करून घेतां येतात. परंतु मिस्त्रींचें वय पंचाहत्तरीपुढें गेलें आहे. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कोणता टॅपेट ढिला आहे तें सांगणारा त्यांचा कान दुकानांत विकत मिळत नाहीं. आम्हीं त्यांना विचारलें, तेव्हां त्यांनीं पुतण्याकडे बोट दाखविलें. त्यांची अट एकच : "मी हात लावणार नाहीं. मी बसून सांगेन, हा करील."

वर्षभर दर महिन्यास एका रविवारीं पुतण्या गाडी घेऊन दौंडास जात होता. ज्या वाटेनें आजोबा पाहुणे आणीत त्याच वाटेनें. आरंभीं त्यानें दोनदां प्रज्वलनाचे पॉइंट चुकीचे लावले, आणि एकदां पारगांवच्या पुलाअलीकडे तासभर अडकून पडला. आतां कार्बोरेटर तो एकटा उकलतो आणि बसवितो. आजोबांची हिशेबाची वही कपाटांत होती. तिचीं पहिलीं पानें मोडींत आहेत, आणि तींत ग्रीस केव्हां केलें, तेल केव्हां पालटलें, याच्या तारखा आहेत. मोडी वाचून दाखविण्याचें काम काकूंनीं केलें. नोंदी १९८३ च्या सुमारास थांबल्या होत्या. पुतण्यानें त्याच वहींत, पुढच्या कोऱ्या पानावर, नव्या तारखा घालण्यास सुरुवात केली आहे.

गेल्या भाद्रपदांत काकूंना घेऊन आम्ही पुन्हां रांजणगांवास गेलों. कारेगांवापाशीं काकूंनीं एकदां खोल श्वास घेऊन पाहिला. पेट्रोलचा वास नव्हता. ज्यांच्या दारीं अशी एखादी जुनी गाडी ताडपत्रीखालीं उभी असेल त्यांस आमची विनंति एवढीच कीं, ती विकण्यापूर्वीं, झांकून ठेवण्यापूर्वीं किंवा तिला नटविण्यापूर्वीं, घरांतील कोणा तरुणानें तिचें काम शिकण्याची तयारी दाखविली आहे काय, हें पाहावें. तशी तयारी असेल तर गाडी राखावी. नसेल तर ती जेथें चालेल अशा घरीं द्यावी. पण गंजत ठेवूं नये.